चित्र चांगलं, फोटो वाईट: स्पर्धेसाठी मुलांच्या चित्रांचे फोटो घरच्या घरी कसे तयार करावेत?

डहाणू रोड: गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीने एका ऑनलाइन चित्रकला स्पर्धेसाठी चित्र काढलं. शाळा सुटली की रोज दोन तास, असे तीन आठवडे ती त्यावर बसत होती. गेरूच्या रंगाच्या कागदावर पांढऱ्या रेषांत समुद्र, होड्या आणि मासळी वाळत घालणाऱ्या बायका. चित्र पूर्ण झालं तेव्हा शेवटच्या तारखेची रात्र होती. तिच्या अब्बूंनी चित्र पलंगावर ठेवलं, ट्यूबलाइटच्या उजेडात मोबाइलने फोटो काढला आणि मुंबईच्या चाचांना व्हॉट्सॲप केला. चाचांनी फॉर्म भरून तोच फोटो अपलोड केला.

चित्र पहिल्याच फेरीत बाद झालं. अशा वेळी कारण कुणी कळवत नाही. भाची दोन दिवस गप्प होती. मग मला म्हणाली, "मामू, माझं चित्रच वाईट होतं का?"

मी चाचांकडून ती फाइल मागवून पाहिली. गेरूचा तांबूस रंग हिरवट-करडा झाला होता. चित्राची एक बाजू रुंद, दुसरी निमुळती. खालच्या कोपऱ्यात हात आणि मोबाइलची सावली. मोठं करून पाहिलं तर बारीक रेषा एकमेकींत मिसळलेल्या. चित्र फोटोमुळेच बाद झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एक गोष्ट नक्की. परीक्षकांनी तिचं चित्र पाहिलंच नव्हतं. त्यांनी पाहिला होता तो फक्त हा फोटो.

आपल्या घरांत हुनर असलेली मुलं-मुली भरपूर आहेत. कुणी वारली शैलीत काढतं, कुणी खत्ताती करतं, कुणी मेंदीच्या नक्षीतून कागदावर डिझाइन उतरवतं. कमी पडते ती शेवटची अर्ध्या तासाची मेहनत, म्हणजे फोटो. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. काय करायचं आणि काय टाळायचं, ते इथे क्रमाने सांगतो.

भिंतीवरून कागदावर, कागदावरून फाइलमध्ये

डहाणू-तलासरीच्या लोकांना हा प्रश्न तसा नवा नाही. वारली समाजात लग्नाचा चौक घराच्या भिंतीवर लिहिला जातो. ते चौक 'काढला' म्हणत नाहीत, 'लिहिला' म्हणतात. शेणमातीने सारवलेली, गेरू लावलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. ही भिंत उचलून मुंबईला नेता येत नव्हती. १९७० नंतरच्या काळात हीच चित्रं कागदावर आणि कापडावर येऊ लागली आणि जगाने ती पाहिली. आपल्याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचं नाव त्यातूनच देशोदेशी पोहोचलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाला. २०१८ साली त्यांचं निधन झालं.

भिंत जात नव्हती म्हणून चित्र कागदावर आलं. आता अनेक स्पर्धांत पहिल्या फेरीला कागदही जात नाही, फाइल जाते. आपली मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षा देतात, तिथे तपासणाऱ्याच्या हातात खरा कागद असतो. रंगाचा थर, रेषेचा जोर त्याला डोळ्यांनी दिसतो. ऑनलाइन स्पर्धेत यातलं काहीच नसतं. परीक्षकासमोर स्क्रीनवर एकामागून एक फोटो येत जातात. तुमच्या फोटोत जे उतरलं नाही, ते त्याच्या दृष्टीने चित्रातच नाही.

पहिलं काम: नियम वाचा

फोटो काढण्याआधी स्पर्धेची माहिती पूर्ण वाचा आणि पाच गोष्टी वहीत लिहून घ्या. फाइल कोणत्या प्रकारची हवी, बहुतेक ठिकाणी जेपीईजी असते. फाइल जास्तीत जास्त किती एमबीची चालेल. फोटोची लांबी-रुंदी किती पिक्सेल हवी. फाइलला नाव कसं द्यायचं. आणि फोटोत नाव, सही किंवा फ्रेम दिसलेली चालते की नाही.

शेवटचा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अनेक स्पर्धांत परीक्षकांना स्पर्धकाचं नाव कळू देत नाहीत. अशा ठिकाणी कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत नाव टाकलं, किंवा हौसेने फोटोवर वॉटरमार्क टाकला, तर प्रवेशिका बाद होऊ शकते. मूळ चित्र नंतर मागवणार आहेत का, तेही पाहून ठेवा. त्याचं महत्त्व पुढे येईल.

मोबाइल की स्कॅनर?

चित्र ए-फोर आकाराचं, सपाट आणि पेन्सिल, पेन किंवा वॉटर कलरचं असेल तर स्कॅनर उत्तम. रेषा सरळ येतात आणि उजेड सगळीकडे सारखा पडतो. झेरॉक्स किंवा डीटीपीच्या दुकानात जाऊन स्पष्ट सांगा: कलर स्कॅन, ३०० डीपीआय, जेपीईजी, आणि ऑटो करेक्शन बंद. फाइल पेनड्राइव्हवर घ्या किंवा ईमेल करून घ्या. स्कॅन करण्याआधी काच पुसायला सांगा. काचेवरचा एक डाग तुमच्या चित्रातला डाग होऊन येतो.

काही चित्रं मात्र स्कॅनरवर ठेवू नयेत. कोळसा, खडू किंवा ऑइल पेस्टल असेल तर काचेला घासून रंग पसरतो. सोनेरी-चंदेरी रंग स्कॅनरमध्ये चमकत नाही, उलट काळपट तपकिरी येतो. तांदळाच्या पिठाने किंवा जाड पोस्टर कलरने काढलेल्या रेषा कागदावर उंच उठलेल्या असतात, त्या दाबल्या की तुटतात. मोठं चित्र तर बसतच नाही. अशा सगळ्या कामांसाठी मोबाइल बरा.

आजकालच्या साध्या मोबाइलमध्येही १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो. त्याचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा येतो. एका इंचात ३०० पिक्सेल हा छपाईचा चांगला दर्जा मानला, तर हा फोटो तेरा इंच बाय दहा इंच आकारात स्वच्छ छापता येतो. ए-फोरचा कागद पावणेबारा बाय सव्वाआठ इंचांचा असतो. म्हणजे खिशातला फोन पुरेसा आहे. अडचण कॅमेऱ्याची नसते. उजेड आणि घाई, या दोन ठिकाणी गडबड होते.

आधी चित्र तयार करा

डहाणूची हवा खारी आणि दमट. पावसाळ्यात कागद दोन दिवसांत वाकतो. वाकलेल्या कागदाचा फोटो काढला की एका भागावर चमक येते आणि दुसऱ्यावर सावली पडते. म्हणून रंग पूर्ण वाळल्यावर चित्र दोन कोऱ्या कागदांत ठेवून वर सपाट वजन द्या आणि एक दिवस तसंच राहू द्या. जाड रंगाचं किंवा पेस्टलचं चित्र असेल तर वजन नको. ते पुठ्ठ्यावर ठेवून चारी कोपरे क्लिपने अडकवा.

मऊ कोरड्या ब्रशने धूळ, रबराचा चुरा, केस झटकून टाका. फ्रेम केलेलं असेल तर काचेतून काढा. काचेत खिडकी, पंखा आणि फोटो काढणारा, सगळे दिसतात. वार्निश लावायचा असेल तर फोटो काढल्यानंतर लावा.

भरतकाम, क्रोशे किंवा गोधडीसारखं कापडी काम असेल तर उलट्या बाजूने इस्त्री करून भिंतीवर सरळ टांगा. मागे फुलाफुलांची चादर नको, साधा पांढरा किंवा करडा कपडा हवा.

उजेड: अर्धं काम इथेच होतं

फ्लॅश बंद. ही पहिली अट. फ्लॅशने मध्यभागी पांढरा डाग पडतो आणि कडा काळ्या राहतात.

दुसरं, घरातले दिवेही बंद. ट्यूबलाइटचा उजेड एका रंगाचा, बल्बचा दुसऱ्या रंगाचा आणि खिडकीतला तिसऱ्या. आपला मेंदू तो फरक जुळवून घेतो, पण कॅमेरा एका वेळी एकाच रंगाशी जुळवून घेऊ शकतो. मग चित्राची डावी बाजू पिवळी आणि उजवी निळसर येते. भाचीच्या गेरूचा रंग असाच बिघडला होता.

सगळ्यात चांगला उजेड फुकटचा आहे: दिवसाचा, पण थेट ऊन नसलेला. ओट्यावर, पडवीत किंवा उत्तरेकडच्या खिडकीजवळ चित्र ठेवा. उत्तरेच्या खिडकीतून वर्षाचा बहुतेक काळ ऊन थेट आत येत नाही, म्हणून तिथला उजेड मऊ आणि स्थिर असतो. आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर पश्चिमेच्या ओट्यावर ऊन तिरकं आत घुसतं. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ बरी. ढगाळ दिवस असेल तर अजून चांगलं. ढग म्हणजे आभाळभर ताणलेला पांढरा पडदाच. पावसाळ्यात पाऊस थांबला की लगेच फोटो काढून घ्या.

इथे आपल्या भागातली एक खास चूक सांगायला हवी. वाडीत, चिकूच्या झाडाखाली सावली छान वाटते, म्हणून लोक चित्र तिथे नेतात. पण पानांतून गाळून आलेला उजेड हिरवट असतो, आणि पानांच्या फटींतून उन्हाचे कवडसेही पडतात. पांढरा कागद हिरवा दिसायला लागतो. तसंच गडद रंगवलेल्या भिंतीजवळ किंवा लाल फरशीवर चित्र ठेवलं की तो रंग चित्रावर उतरतो. फोटो काढणाऱ्यानेही भडक रंगाचे कपडे घालू नयेत, विशेषतः चित्रावर चमक असेल तर.

दिवसा वेळच मिळत नसेल तर एकसारखे दोन एलईडी दिवे घ्या. एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही चित्रापासून सारख्या अंतरावर आणि ४५ अंशांच्या कोनात. उजेड समान पडला आहे का हे पाहायला चित्राच्या मध्यावर एक पेन्सिल उभी धरा. दोन्ही बाजूंना सारखी सावली पडली तर जुळलं.

फोन धरण्याची रीत

चित्र भिंतीवर सरळ टांगा किंवा टेबलावर सपाट ठेवा. कुराणातील आयत किंवा कुणाचं मुबारक नाव लिहिलेलं काम जमिनीवर ठेवायचा प्रश्नच येत नाही. टेबलावर ठेवलं की अदबही राहतो आणि धूळही लागत नाही.

फोनची पाठ आणि चित्राचा कागद एकमेकांना समांतर हवेत. फोन थोडा जरी झुकला तरी चौकोनाचा पतंग होतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा आणि चित्राच्या कडा त्या रेषांशी जुळवा.

फोन चित्राच्या अगदी जवळ नेऊ नका. जवळून काढलं की कडा बाहेर फुगलेल्या दिसतात. चार-पाच फूट मागे जा आणि चित्राभोवती थोडी मोकळी जागा सोडा. फोनला दुसरी, दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. बोटांनी ताणून केलेला झूम मात्र नको, त्यात फक्त पिक्सेल फुगतात.

हात थरथरतो, म्हणून फोन स्टुलावर पुस्तकांच्या आधाराने टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. लेन्स स्वच्छ रुमालाने पुसा. दिवसभर खिशात राहिलेल्या फोनच्या लेन्सवर बोटांचं तेल असतं, त्यामुळे सगळा फोटो धुरकट येतो. ब्यूटी मोड, फिल्टर, एआय सीन हे सगळं बंद ठेवा. कागदपत्रं स्कॅन करायची ॲप तर अजिबात नकोत. ती अक्षरं काळी आणि कागद पांढरा करण्यासाठी बनवलेली असतात, फिकट वॉटर कलर ती कागदावरचा मळ समजून पुसून टाकतात.

आणि सेल्फीचा कॅमेरा वापरू नका. काही फोनमध्ये त्याचा फोटो आरशातल्यासारखा उलटा साठवला जातो. निसर्गचित्रात ते लक्षात येणार नाही, पण उर्दू किंवा मराठी अक्षरांचं काम असेल तर सगळं लिखाण उलटं जाईल.

गेरू फिका का येतो आणि पांढरा कागद मळकट का दिसतो?

हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं. कारण साधं आहे. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. तो समजतो की समोरचं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं आहे आणि त्या हिशेबाने फोटो उजळ किंवा गडद करतो.

वारली शैलीच्या चित्रात मोठा भाग गडद असतो. कॅमेऱ्याला वाटतं, उजेड कमी पडला. तो सगळं उजळवतो. गेरू फिका पडतो आणि पांढऱ्या रेषा फुलून जाड दिसतात. पांढऱ्या कागदावरच्या काळ्या शाईच्या कामात याच्या उलट होतं. कॅमेऱ्याला वाटतं, उजेड जास्त झाला. तो सगळं गडद करतो आणि शुभ्र कागद राखाडी येतो.

उपाय एका बोटाचा आहे. स्क्रीनवर चित्राच्या मध्यावर बोट टेकवा. बाजूला सूर्याचं चिन्ह किंवा छोटी पट्टी येते. गडद चित्र असेल तर ती थोडी खाली ओढा, पांढरं असेल तर थोडी वर. एकच फोटो काढून थांबू नका. थोडा गडद, मध्यम आणि थोडा उजळ असे तीन काढा आणि नंतर मूळ चित्र शेजारी ठेवून त्यातला एक निवडा.

रंग तपासण्यासाठी चित्राच्या शेजारी, चौकटीबाहेर, झेरॉक्सच्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून फोटो काढा. नंतर दुरुस्ती करताना तो तुकडा पांढरा दिसेपर्यंत रंग जुळवायचा आणि मग तो कापून टाकायचा.

खत्ताती आणि सोनेरी रंगाच्या कामासाठी

अरबी-उर्दू लिखाणात नुक्ता म्हणजे जीव. बे, ते आणि से यांचं अंग एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. फोटो फार उजळला किंवा कॉन्ट्रास्ट खूप वाढवला तर बारीक नुक्ते, जेर-जबर पुसट होतात आणि शब्दच बदलतो. म्हणून अंतिम फाइल पूर्ण मोठी करून एकेक शब्द मूळ कामाशी ताडून पाहा. कडा कापताना शेवटच्या अक्षराची वेलांटीसारखी लांबलेली शेपटी कापली जाणार नाही याची काळजी घ्या. घरात उर्दू-अरबी नीट वाचणारं कुणी मोठं असेल, दादी किंवा नाना, तर त्यांना एकदा दाखवाच.

सोनेरी रंगाची अडचण वेगळी. तो आरशासारखा समोरचं दाखवतो. समोर अंधार असेल तर काळा दिसतो आणि समोर खिडकी असेल तर पांढरा. चित्र तिथेच ठेवून उजेडाच्या दिशेला हळूहळू वळवा. सोनं उजळतं पण चट्टा पडत नाही, असा एक कोन सापडतो. तिथे थांबा. नको असलेली चमक घालवायला फोनच्या मागे, चित्राच्या समोर, काळा ओढणीचा कपडा कुणाला तरी धरायला सांगा.

दुरुस्ती किती करायची?

एकच नियम लक्षात ठेवा. फोटो दुरुस्त करायचा, चित्र नाही.

तिरका आलेला फोटो सरळ करणं, भोवतीची भिंत कापून टाकणं, पिवळेपणा काढणं, मूळ चित्राइतका उजळ करणं, ही फोटोची दुरुस्ती. ती करायलाच हवी. स्नॅपसीड हे मोफत ॲप त्यासाठी पुरेसं आहे. त्यात पर्स्पेक्टिव्ह आणि क्रॉप ही दोन साधनं आहेत. संगणक असेल तर गिंप हे मोफत सॉफ्टवेअर वापरा.

पण वाकडी गेलेली रेषा पुसणं, शाईचा डाग घालवणं, आकाश जास्त निळं करणं, एआयने कडा 'सुंदर' करून घेणं, ही चित्रातली ढवळाढवळ झाली. मुलीने जे काढलं नाही ते तिच्या नावावर जातं. पुढच्या फेरीत मूळ चित्र मागवलं आणि ते फोटोशी जुळलं नाही, तर सगळ्यांसमोर तिची मान खाली जाईल. मोठ्यांनी प्रेमापोटी केलेली ही मदत मुलांना महागात पडते. शिवाय मुलाला कळतं. आपलं काम आहे तसं पुरेसं नव्हतं, हेच त्याच्या मनात राहतं.

रंग जुळवताना फोनचा नाइट मोड किंवा डोळ्यांच्या आरामाचा मोड बंद करा, नाहीतर स्क्रीनच पिवळी असते. ब्राइटनेस मध्यम ठेवा. शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या फोनवरही तीच फाइल पाहा. दोन्हीकडे ठीक दिसली तर परीक्षकाकडेही बहुधा ठीक दिसेल.

पिक्सेल, एमबी आणि डीपीआय

हे तीन शब्द पाहून बरेच पालक फॉर्म अर्धवट सोडतात. सोपं करून सांगतो.

पिक्सेल म्हणजे फोटोतले ठिपके. गोधडीतल्या टाक्यांसारखे समजा. जितके जास्त, तितकी नक्षी बारीक. एमबी म्हणजे फाइलचं वजन, ती फोनमध्ये किती जागा घेते ते. डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे तो हिशेब. नुसतं '३०० डीपीआय' म्हणण्याला अर्थ नाही, किती इंचांसाठी ते कळलं पाहिजे. ए-फोर चित्रासाठी ३०० डीपीआय म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. ए-थ्रीसाठी ३५०८ बाय ४९६१.

समजा तुमची फाइल ८ एमबीची आहे आणि मर्यादा ५ एमबीची. अशा वेळी पिक्सेल लगेच कमी करू नका. आधी फाइल जेपीईजीमध्ये ९० किंवा ८५ टक्के दर्जाने पुन्हा साठवा. वजन बरंच कमी होतं आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. नियमात पिक्सेलचीच मर्यादा दिली असेल तरच लांबी-रुंदी घटवा. उलट, लहान फोटो ताणून मोठा करण्याचा काही उपयोग नाही. नसलेली रेषा ताणून येत नाही.

जेपीईजी दर वेळी दुरुस्त करून साठवली की थोडी बिघडते. म्हणून कॅमेऱ्यातून निघालेला मूळ फोटो वेगळा ठेवा, त्याला हात लावू नका. दुरुस्ती कॉपीवर करा. आयफोन असेल तर फोटो एचईआयसी प्रकारात साठतो आणि काही फॉर्म तो घेत नाहीत. कॅमेरा सेटिंगमधल्या फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलं की जेपीईजी मिळते. रंगाचा प्रकार विचारला असेल तर एसआरजीबी निवडा. सीएमवायके छापखान्यासाठी असतो.

पाठवताना होणाऱ्या चुका

सगळ्यात मोठी चूक व्हॉट्सॲपची. त्यावर फोटो म्हणून पाठवलं की तो लहान केला जातो. समजा ४००० पिक्सेलचा फोटो पोहोचेपर्यंत १६०० चा झाला. ३०० ने भागा. छपाईसाठी जेमतेम सव्वापाच इंच उरतात. फॉर्म मुंबईचे चाचा किंवा आखातातले भाईजान भरणार असतील तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, ईमेल करा किंवा गूगल ड्राइव्हची लिंक द्या. स्क्रीनशॉट काढून पाठवू नका. भाचीच्या चित्राच्या बारीक रेषा याच वाटेत हरवल्या होत्या.

फाइलचं नाव नियमात सांगितलं असेल तसंच. सांगितलं नसेल तर इंग्रजी अक्षरांत आडनाव, नाव आणि चित्राचं शीर्षक लिहा, मध्ये जागा न सोडता अधोरेषा द्या. ज्या फाइलवर कॅमेऱ्याने दिलेला नुसता आकडा आहे, ती शेकडो फायलींत हरवायला वेळ लागत नाही. नाव गुप्त ठेवायचा नियम असेल तर फाइलच्या नावातही ते नको.

मुलांच्या बाबतीत अजून एक खबरदारी घ्या. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला याची नोंद फाइलमध्ये लपलेली राहते. म्हणजे घराचा पत्ताच. फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा. चित्रासोबत मुलीचा चेहरा दाखवणारा फोटो स्पर्धेने मागितला नसेल तर पाठवू नका.

नाव, श्रेय आणि हक्क

फॉर्ममध्ये चित्राची माहिती विचारतात: आकार, माध्यम, वर्ष. आकार सेंटिमीटरमध्ये मोजून लिहा, आधी उंची मग रुंदी, म्हणजे परीक्षकाला अंदाज येतो. माध्यम खरं लिहा. पोस्टर कलर वापरला असेल तर तांदळाचं पीठ लिहू नका.

वारली शैलीबद्दल आपण डहाणूकरांनी जास्त जागरूक असायला हवं. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालं आहे. ती आपल्या शेजाऱ्यांच्या घरातली, त्यांच्या लग्नविधीतली कला आहे. आपली मुलं ती शाळेत शिकतात, प्रेमाने काढतात, यात काही वावगं नाही. मात्र माहितीत 'वारली शैलीवर आधारित' असं स्पष्ट लिहा. कुणा वारली कलाकाराकडून शिकली असेल तर परवानगीने त्यांचं नावही लिहा. इंटरनेटवरचं चित्र जसंच्या तसं उतरवून स्वतःचं म्हणून पाठवणं तर सरळ चोरी.

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे चित्राचा पहिला हक्क साधारणपणे काढणाऱ्याचाच. पण काही स्पर्धांच्या अटींत सगळे हक्क आयोजकांकडे जातील असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. प्रदर्शनात लावणं किंवा निकालासोबत छापणं वेगळं, आणि तेच चित्र टी-शर्टवर छापून विकणं वेगळं. अट पटत नसेल तर ती स्पर्धा सोडून द्यावी. स्पर्धा पुन्हा येतात.

पाठवण्याआधी सात प्रश्न

१. चारही कडा सरळ आहेत का, मागचं टेबल किंवा भिंत दिसत नाही ना?
२. मूळ चित्र शेजारी ठेवल्यावर रंग जुळतो का?
३. कुठे सावली, चमक किंवा बोटाचा ठसा आहे का?
४. पूर्ण मोठं केल्यावर सगळ्यात बारीक रेषा स्पष्ट दिसते का?
५. पिक्सेल, एमबी आणि फाइलचा प्रकार नियमाप्रमाणे आहे का?
६. फाइलचं नाव बरोबर आहे का, लोकेशन बंद होतं का?
७. चढवल्यावर ती फाइल पुन्हा उघडून पाहिली का?

सातवा प्रश्न सोडू नका. आणि हे सगळं शेवटच्या तारखेच्या रात्री होत नाही. चित्र दोन दिवस आधी पूर्ण करायचं, तिसऱ्या दिवशी सकाळी फोटो. तारीख कळली की कॅलेंडरवर फोटोचा दिवसही लिहून ठेवा.

मागच्या महिन्यात एका रविवारी भाचीचं तेच चित्र आम्ही पुन्हा काढलं, म्हणजे त्याचा फोटो पुन्हा काढला. ओट्यावर, सकाळी दहा वाजता, स्टुलावर फोन टेकवून. काळा कपडा धरायची गरज पडली नाही, पण तिचा छोटा भाऊ हट्टाने धरून उभा होता. नंतर जुना आणि नवा फोटो दोन फोनवर शेजारी ठेवले. ती बराच वेळ पाहत राहिली. जुन्या फोटोत नुसते ठिपके दिसत होते, तिथे आता होडीचं जाळं दिसत होतं.

ती एवढंच म्हणाली, "मामू, जाळं तर मी तेव्हाही काढलं होतं."

पुढच्या स्पर्धेची तारीख तिने स्वतः कॅलेंडरवर लिहिली आहे. त्याच्या दोन दिवस आधीच्या चौकटीत एकच शब्द आहे: फोटो.